अकरा हातांची नाव

धाकट्याला लग्नानंतर नवव्या वर्षी जुळ्या मुली झाल्या, ते हे वर्ष. मिस्त्रीनं भावाच्या मुलींसाठी दोन पाळणे करायला घेतले होते. एक पुरा झाला. दुसऱ्याच्या दांड्या रंध्याखाली असतानाच तळ्याच्या सुनावणीची तारीख लागली, आणि मग मिस्त्रीचा हात काही लाकडावर बसेना.

सुनावणी सोमवारी होती, बावीस तारखेला, सकाळी अकरा वाजता. कारखान्याला तळ्यात दुसरा पाइप सोडायचा होता. पहिल्या पाइपातून रंगाचं पाणी गेली सव्वीस वर्षं येतच होतं. ज्यांची हरकत असेल त्यांनी पुराव्यासह हजर राहावं, असं नोटिशीत लिहिलं होतं. हरकत घेणाऱ्या समितीत सुरुवातीला चाळीस माणसं होती. मास्तरीणबाईंनी दारोदार फिरून साडेसहाशे सह्या जमवल्या होत्या. मग माणसं गळायला लागली. कुणाच्या दुकानाचा परवाना अडकला, कुणाच्या मुलाची एका रात्रीत बदली झाली. दहा दिवसांपूर्वी मास्तरीणबाई सायकलवरून येत असताना एका टेम्पोनं त्यांना मागून उडवलं. टेम्पोला नंबरपाटी नव्हती. खुबा मोडला. दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी समितीची फाइल मिस्त्रीच्या मुलीच्या, चिमणीच्या हातात दिली आणि सांगितलं, "आता आक्कांनीच बोलायचं. खरा पुरावा त्यांच्याकडेच आहे."

म्हणून रविवारी दुपारी सगळे मिस्त्रीच्या घरी जमले होते. घर म्हणजे पुढे नावा बांधायची शेड आणि मागे दोन खोल्या.

मिस्त्रीच्या बायकोनं भर उन्हात खिडक्या लावून घेतल्या होत्या. एका फटीला डोळा लावून ती बाहेर बघत होती. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाशी मोटरसायकल सकाळपासून उभी होती, आणि तिच्यावर दोघं बसले होते. त्यातला एक शेंगा सोलून खात होता आणि टरफलं खाली न टाकता खिशात घालत होता. तिला त्या टापटिपीचीच जास्त भीती वाटली.

"आहेत अजून?" मिस्त्रीनं विचारलं.

"आहेत."

"माणसांनी रस्त्यावर उभंच राहू नये का?"

"नऊ वाजल्यापासून? बसची वाट बघत असतील. इथं बस थांबत नाही एवढंच." ती फटीपासून बाजूला झाली. "मी पुन्हा सांगते. आक्कांनी उद्या जायचं नाही. भावजी त्याच कारखान्यात भाकरी खातात. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं."

"भाऊ एकीकडे आणि तळं एकीकडे," मिस्त्री म्हणाला. "आपण तळ्यावर जगलो. आक्का जाणार."

"जाणार त्या, आणि खुबा कुणाचा मोडणार? तुमचा?"

आक्का दोघांचं ऐकत होती, पण बोलत नव्हती. ती शेडमध्ये जमिनीवर बसली होती आणि तिच्यापुढे सुतळ्यांचा ढीग होता. दोघा भावांची थोरली बहीण म्हणून शेवटचा शब्द तिचाच असायचा, आणि तो ती उशिरा द्यायची.

सुतळ्या बाबांच्या पद्धतीच्या होत्या. महिन्याच्या पहिल्या तारखेला, जाळं टाकायच्या आधी, बाबा नाव घेऊन तळ्याच्या मध्यावर जात. निळ्या काठाची पांढरी एनॅमलची थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडत. थाळी दिसेनाशी झाली की दोरी तिथं चिमटीत धरायची आणि वर ओढून मोजायची. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. हात जितके जास्त, तितकं पाणी नितळ. जितके हात, तितक्या गाठी त्या वर्षाच्या सुतळीला. दोन महिन्यांच्या मध्ये एक चिंधी. बाबांना लिहिता येत नव्हतं. आक्कालाही येत नव्हतं. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, बाबा गेल्यावर थाळी तिच्याकडे आली, आणि तेरा वर्षं तिनंही गाठीच मारल्या. पंचेचाळिशीत मास्तरीणबाईंच्या वर्गात ती अक्षरं शिकली. तेव्हापासून वह्या होत्या. त्याही आता तेरा झाल्या होत्या.

तळं पूर्वी कसं होतं हे दाखवणारं दुसरं काहीही कुणाकडे नव्हतं. सरकारी कचेरीतही नव्हतं.

चिमणी दवाखान्यात रक्ततपासणीच्या खोलीत आकडे उतरवायचं काम करायची. ती गाठी मोजत होती आणि चौकटीच्या कागदावर ठिपके देत होती.

"आत्या, ही कुठल्या वर्षाची?"

"तुझ्या बापाला कावीळ झाली त्या वर्षाची."

"आणि ही?"

"ती बाबांची शेवटची. सात महिने त्यांचे. आठव्यापासून माझे, त्याच सुतळीवर."

चिमणीनं मोजलं. मग पेन्सिल खाली ठेवून पुन्हा मोजलं.

"आजोबांच्या गाठी अकरा, अकरा, दहा, अकरा. शेवटची पण अकरा. आणि तू धरलीस त्या महिन्यात चौदा?"

"चौदा. पाणी निवळलं होतं."

"पुढेही चौदा, चौदा, तेरा..." चिमणीनं कागद आईकडे वळवला. "आई, कारखाना कधी सुरू झाला गं?"

मिस्त्रीच्या बायकोनं कागद हातात घेतला. तिला चांगलं आठवत होतं. सासऱ्यांना जाऊन आठ दिवस झाले होते आणि कारखान्याचा पहिला भोंगा वाजला होता. घरातल्या सगळ्यांनी दचकून एकमेकांकडे बघितलं होतं.

"त्याच सुमारास," ती म्हणाली.

तेवढ्यात मागचं दार वाजलं.

*

धाकटा मागच्या दारानं आला होता. रविवार असून अंगात कारखान्याचं निळं जाकीट. तो रंगखात्यात मुकादम होता आणि राहायलाही कारखान्याच्या खोलीतच होता.

"मागच्या दारानं का?" मिस्त्री म्हणाला. "चोरासारखा?"

"पुढच्या दाराशी कारखान्याची माणसं आहेत, दादा."

"म्हणजे तुझीच."

"माझी नाहीत. मला पगार देतात त्यांची."

"शेंगा तरी स्वतःच्या पैशानं खातात का हो, भावजी?" वहिनी म्हणाली. "का त्याही कारखान्याच्याच?"

धाकट्यानं चपला काढल्या आणि आक्कासमोर जमिनीवर बसला. आईमागे आक्कानंच त्याला वाढवलं होतं. तिच्यासमोर तो अजून खुर्चीवर बसत नसे.

"काल साहेबांनी बोलावलं," तो म्हणाला. "बसायला खुर्ची दिली. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, मुली बऱ्या आहेत ना? म्हटलं, बऱ्या आहेत. म्हणाले, खोली पुरते का आता चौघांना? म्हटलं, पुरते. तर म्हणाले, 'पुरते ना? मग टिकवा.'"

"एवढंच?" मिस्त्रीनं विचारलं.

"एवढंच. मग चहा दिला. प्यायलो मी तो."

बाहेर मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. सगळे दाराकडे बघायला लागले. आवाज बंद झाला. नुसतीच सुरू करून बघितली असावी.

"मग मला जाऊ नको म्हणून सांगायला आलास," आक्का म्हणाली.

"हो. पण ते सांगतायत म्हणून नाही." धाकट्यानं सुतळ्यांकडे बघितलं. त्याचा आवाज खाली गेला. "आक्का, त्यांना तू यायला हवी आहेस. मास्तरीणबाई नकोत, तू. त्यांना उद्या हसायचंय."

मग त्यानं सांगितलं. सांगताना तो चिमणीच्या कागदाकडे बघत होता, माणसांकडे नाही. कारखान्याच्या वकिलांनी त्याला विचारलं होतं, तुमच्या बहिणीकडे कसल्या सुतळ्या आहेत म्हणे? त्याला वाटलं, खरं सांगितलं तर घाबरतील. लहानपणी त्यानं त्या गाठी शंभरदा मोजल्या होत्या. त्यानं घडाघडा सांगितलं. बाबांचे अकरा, आक्काचे आधी चौदा, मग तेरा, बारा, करत करत आता सात.

"अभिमानानं सांगितलं मी. त्यांनी लिहून घेतलं, पेन ठेवलं आणि हसले. मग मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. कारखाना सुरू झाला आणि तळं तीन हातांनी स्वच्छ झालं. हे ते उद्या सगळ्यांसमोर तुझ्याच तोंडून वदवून घेणार. मग म्हणणार, बाईंनी कारखान्याचे आभार मानावेत. साडेसहाशे सह्या, मास्तरीणबाईंचा खुबा, सगळं त्या एका हशात बुडणार."

"तू सांगितलंस," मिस्त्री म्हणाला. "घरातलं तू बाहेर नेऊन दिलंस."

"हो."

"वर इथं येऊन सांगतोस."

"मग कुठं जाऊन सांगू, दादा?"

मिस्त्री उठला आणि शेडच्या टोकाला गेला. तिथं गिऱ्हाईकाची अर्धी झालेली नाव ठोकळ्यांवर होती. तिच्याकडे तोंड करून तो म्हणाला, "संपलं. कुणी जायचं नाही. सुतळ्या गुंडाळा."

सकाळपासून आक्काला जा म्हणणारा तो एकटा होता.

*

आक्कानं आठव्या महिन्याच्या त्या चौदा गाठी बोटांखाली घेतल्या. या गाठींबद्दल तिनं कधी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते. पहिली तारीख आली. ती एकटीच नाव घेऊन मध्यावर गेली. तोवर ती कधी एकटी गेली नव्हती. सोडताना थाळी दोनदा नावेला आपटून टवका उडाला. थाळी खाली गेली, दिसत राहिली, दिसत राहिली. वर ओढताना तिनं मोजलं. चौदा. बाबांच्या वेळी अकराच्या वर कधी गेली नव्हती.

"मला वाटलं होतं," ती म्हणाली, आणि थांबली. "मला वाटलं, बाबांनी जाता जाता पाणी निवळून दिलं. पहिल्या दिवशी मला भीती वाटू नये म्हणून."

चिमणीनं मान खाली घातली. धाकट्याला आपण इथं नसतो तर बरं झालं असतं असं वाटलं.

"सव्वीस वर्षं मला तेच वाटत आलंय," आक्का म्हणाली. "उद्या वकिलानं विचारलं असतं तर मी तेच सांगितलं असतं."

मिस्त्रीची बायको तिच्याकडे बघत होती. तिच्या मनात दुसरंच काही चाललं होतं.

"आक्का, त्या दिवशी तुम्ही अंगात काय घातलं होतं?"

"बाबांचा सदरा. गार होतं तळ्यावर."

"आणि बाह्या?"

"लोंबत होत्या. दोरीत अडकत होत्या. नंतर तूच तर..."

"मीच आत घेतल्या. वीतभर." ती पुढे आली आणि आक्काचा हात कोपराशी धरून तिनं उचलला. बारीक, सुकलेला, लहानसा हात. "बाबांच्या बाह्या तुम्हाला वीतभर लांब होत्या. मग बाबांचा एक हात आणि तुमचा एक हात सारखा कसा होईल?"

सगळे त्या हाताकडे बघत राहिले. सव्वीस वर्षं या घरात हात म्हणजे हात होता. बाबा मोजत तोही हात, आक्का मोजे तोही हात. कुणाचा, असं कुणी विचारलं नव्हतं.

"म्हणजे पाणी तेवढंच होतं," चिमणी हळूच म्हणाली. "तुझे हात लहान, म्हणून ते जास्त भरले, आत्या."

"पाणी निवळलं नव्हतं?"

"नाही."

"बाबांनी काही केलं नव्हतं."

आक्कानं हात सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला.

"पण हे सिद्ध कसं करणार?" धाकटा म्हणाला. "बाबांचा हात केवढा होता ते कुणी कसं सांगणार? वहिनी, तो सदरा आहे?"

आक्कानं ढिगाकडे बोट केलं. महिन्यामहिन्यांच्या मध्ये बांधलेल्या विटक्या चिंध्या. तिनं त्या सदऱ्याच्याच फाडल्या होत्या.

मिस्त्री ठोकळ्यांपाशी पाठमोरा उभा होता. त्याला आठवलं होतं. सदऱ्याचं बोलणं निघालं तेव्हाच त्याला आठवलं होतं. तो चौदा वर्षांचा होता आणि बाबा नाव बांधत होते. टेप नव्हता. तळाची लांब फळी त्यानं एका टोकाला दाबून धरली होती, आणि बाबा तिच्यावर कोपर टेकत, बोटाच्या टोकाशी पटाशीनं खूण पाडत, पुन्हा कोपर टेकत पुढे सरकत होते. अकरा वेळा. नाव सात पावलांवर काठाला बांधलेली होती. आक्का अजून तीच वापरत होती. खुणा डांबराखाली असणार.

आपण बोललो नाही तर आक्का जाणार नाही, असं त्याच्या मनात आलं. आक्का गेली नाही तर धाकट्याची खोली टिकेल. चिमणी दवाखान्यातून धडधाकट घरी येत राहील. खांबाजवळची माणसं शेंगा संपवून निघून जातील. दुसरा पाइप येईल. आला तर येईल. त्यानं कामाला लागल्यासारखा रंधा उचलला.

"काय लपवताय?" बायकोनं विचारलं.

"कुठं काय?"

"रंधा उलटा धरलाय तुम्ही."

मिस्त्रीनं रंध्याकडे बघितलं. खरंच उलटा होता. त्यानं तो ठेवला आणि तोंडावरून हात फिरवला.

"अकरा हाती," तो म्हणाला.

धाकटा ताडकन उठला. बाबांची नाव घरात त्याच नावानं ओळखली जायची. अकरा हाती आण, अकरा हाती धू.

"देवा रे," वहिनी म्हणाली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

*

नाव काठावरून ओढून आणायला दोघं भाऊ गेले. दार उघडलं तसे मोटरसायकलवरचे दोघंही उतरले. शेंगावाला चालत काठापर्यंत आला. तरुण होता, भांग नीट पाडलेला.

"हात लावू का?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता नावेच्या काठाला हात लावला. बोटं लाकडावरून फिरवत म्हणाला, "जुनी दिसते. रोज नेता का पाण्यात?"

"महिन्यातून एकदा," मिस्त्रीच्या तोंडून गेलं.

"जपून. जुनं लाकूड कधी दगा देईल सांगता येत नाही." मग तो धाकट्याकडे वळून ओळखीचं हसला. "काय मुकादम? रविवारची सुट्टी घरच्यांबरोबर का?"

धाकट्यानं मान हलवली. त्यानं नावेचं टोक पुन्हा उचललं.

शेडमध्ये गिऱ्हाईकाची नाव असल्यामुळे बाबांची नाव तिरकीच ठेवावी लागली. तरी दोन फूट बाहेर राहिली. दार लागेना.

मिस्त्रीनं तळाचं डांबर खरवडायला घेतलं. पहिली खूण निघाली. दुसरी निघाली. चिमणीनं टेप धरला. वीस इंच. पुढच्या खुणेपर्यंत वीस. त्याच्या पुढे वीस. बाबांचा हात अडतीस वर्षं त्या फळीवर जसाच्या तसा होता. मग आक्काचा हात मोजला. साडेपंधरा.

चिमणीनं गुणाकार मोठ्यानं केला. बाबांचे अकरा हात म्हणजे दोनशे वीस इंच. आक्काचे पहिले चौदा हात म्हणजे दोनशे सतरा.

"आणि आताचे सात?" आक्कानं विचारलं.

"एकशे साडेआठ. निम्मंही नाही राहिलं, आत्या."

आक्कानं मान डोलावली. "मी जाणार," ती म्हणाली. "नाव पण नेऊ. कचेरीच्या दारात ठेवू."

ऊन उतरायला लागलं तसा धाकटा निघायला उभा राहिला. मिस्त्री दारात आडवा झाला.

"आज इथंच राहा."

"मुली वाट बघत असतील."

"चार महिन्यांच्या मुली वाट बघत नाहीत. साहेब बघतात."

वहिनी म्हणाली, "अहो, काय बोलता?" पण तिनंही दीराला वाट करून दिली नाही.

धाकट्याचा चेहरा पडला. "दादा, मला सांगायचंच असेल तर आज अडवून उद्या काय करशील? आणि सांगायचं नसेल तर अडवतोस कशाला?"

"जाऊ दे त्याला," आक्का म्हणाली.

तो नावेच्या बाहेर आलेल्या टोकाला वळसा घालून गेला, या वेळी पुढच्या दारानं. त्याला जाताना शेंगावाल्यानं हात केला. त्यानंही हात केला की नाही, ते मिस्त्रीला आतून दिसलं नाही. त्या रात्री घराचं दार दोन फूट उघडंच राहिलं आणि चौघांपैकी कुणीही झोपलं नाही.

*

कचेरीतल्या सुनावणीत कारखान्याच्या वकिलांनी सुरुवात हशानंच केली. आवाज गोड होता. आक्कांना त्यांनी आदरानं खुर्ची देऊ केली. चौदा गाठींची सुतळी त्यांनी आक्कांकडूनच मोजून घेतली, आणि मग दोन्ही हात जोडून म्हणाले, "म्हणजे बाई, आमच्या कारखान्यानं तळं धुऊन दिलं म्हणायचं." मागच्या रांगांतली निळी जाकिटं हसली. सुनावणी घेणारे अधिकारीसुद्धा हसले.

आक्का हसू संपेपर्यंत थांबली. मग अधिकाऱ्यांना म्हणाली, "साहेब, जरा दारापर्यंत येता?"

वकिलांचं हसू तसंच राहिलं, पण डोळे फिरले. त्यांना नावेवरच्या खुणांचं माहीत नव्हतं. मिस्त्रीला त्या क्षणी कळलं की धाकट्यानं काही सांगितलं नव्हतं, आणि कालचं आपलं बोलणं आता परत घेता येणार नाही.

हातगाडीवरची नाव सगळ्यांना दिसावी म्हणून एका कुशीवर करायची होती. मिस्त्रीला एकट्याला ती पेलेना. समितीची पाचसात माणसं उभी होती, पण कारखान्याच्या माणसांसमोर पुढे यायला त्यातलं कुणी धजेना. तेव्हा मागच्या रांगेतून एक निळं जाकीट पायऱ्या उतरून आलं आणि दुसऱ्या टोकाला लागलं.

"उचल, दादा," धाकटा म्हणाला.

मिस्त्रीनं उचललं. त्याला भावाकडे बघवेना. पायऱ्यांवर कारखान्याचे साहेब उभे होते आणि ते मात्र धाकट्याकडेच बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

अधिकाऱ्यांनी स्वतः टेप लावला. वीस, वीस, वीस. मग आक्काचा हात. मग त्यांनी चिमणीचा कागद मागून घेतला आणि बराच वेळ वाचला. दुसऱ्या पाइपाची परवानगी तीन महिने थांबवली. तीन महिने, दर पहिल्या तारखेला, कचेरीच्या कारकुनाच्या साक्षीनं थाळी सोडायची. पण आता इंचांच्या खुणा केलेल्या दोरीनं. ते आक्कांना म्हणाले, "आता तुम्हीच मोजायला हवं असं नाही, बाई. कुणीही मोजलं तरी आकडा तोच येईल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आक्कानं वाजवल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी धाकट्याला खोली रिकामी करायला सांगितलं. तो बायको-मुलींना घेऊन मिस्त्रीकडे आला. मिस्त्रीनं दुसरा पाळणा दोन दिवसांत पुरा केला आणि स्वतः दोरी बांधून दिली. कालचं, परवाचं कुणी काढलं नाही. वहिनी रोज फटीतून बघायची. कोपऱ्यावर कुणी नसायचं. तिला त्यानं बरं वाटत नव्हतं.

महिनाअखेरीला आक्काला ताप भरला. पहिल्या तारखेला सकाळी ती उठून बसली, तर उभं राहवेना.

"पड तू," धाकटा म्हणाला. त्यानं भिंतीवरची खुणांची दोरी आणि थाळी काढून घेतली. "आता तुझाच हात लागतो थोडाच? अधिकाऱ्यांनीच सांगितलंय."

"कारकून येऊ दे आधी."

"येईल काठावर. मी नाव तयार ठेवतो."

कारकून आला नाही. त्याला आदल्या दिवशी कुणीतरी रजा घ्यायला सांगितलं होतं. कुणी, ते त्यानं पुढे कधीच सांगितलं नाही. नाव तळ्याच्या मध्यावर रिकामी सापडली, सरळ, कोरडी, कुठंही फुटलेली नव्हती. दोरी पूर्ण सुटलेली होती आणि तिच्या टोकाला थाळी होती.

पोलिसांच्या कागदावर 'तोल जाऊन पाण्यात पडून मृत्यू' असं होतं. मिस्त्री वाचून दाखवायला लागला, तेव्हा आक्कानं कागद त्याच्या हातातून घेतला आणि एकेका अक्षराखाली बोट धरून स्वतः वाचला. मग तिनं तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. धाकट्याला चौथ्या वर्षापासून पोहता येत होतं. तिनंच शिकवलं होतं.

धाकटा गेला तो सुनावणीनंतर दहाव्या दिवशी, पहिल्या तारखेला, गुरुवारी, सकाळी सात ते साडेसातच्या दरम्यान. वय एकेचाळीस. मुलींना पाचवा महिना लागला होता.